आबांच्या नावाचे डबे

‘मी ६१ वर्षांचा. शुक्रवार पेठेतल्या घराची वाटणी झाली तेव्हा धाकट्यानं रस्त्याकडचं दुकान स्वतःच्या नावावर करून घेतलं. मी भांडलो नाही, इकडं फ्लॅट घेतला. रोज पहाटे रंकाळ्यावर ध्यानाला बसतो. गीतेचा दुसरा अध्याय पाठ आहे. खरं सुख आपल्या आतच असतं हे पटलंय, पण घरी आलो की तासाभरात चिडचिड सुरू. भावाबद्दल मनात काही नाही. दिवाळीला त्याच्याकडनं फराळ येतो, तो वॉचमनला देऊन टाकतो; डबा तेवढा आबांचं नाव घातलेला म्हणून ठेवून घेतो. अजून कोणती साधना करू?’
– एक वाचक, देवकर पाणंद, कोल्हापूर

दादा, साधना राहू दे. असे किती डबे साठलेत माळ्यावर, ते आधी सांगा.

चकली वॉचमनला आणि डबा आपल्याला! दुकानाचं मी बोलत नाही, त्याला वकील आहेत. पण ज्याच्या मनात काही नाही तो फराळ खातो, नाहीतर डबा परत तरी धाडतो. तुम्ही दोन्ही केलं नाही. आबांची भांडी जुन्या घरात राहिली असणार, आणि धाकटा दर दिवाळीला त्यातलं एकेक तुमच्याकडं पाठवतोय. हे तुमच्या कधी ध्यानात आलं नाही? एवढं ध्यान करता म्हणून विचारते.

दुसरा अध्याय पाठ आहे ना, मग त्यातला ६४वा श्लोक पुन्हा म्हणा. राग-द्वेष सुटलेला माणूस विषयांत वावरत असताना प्रसन्नता पावतो, असं आहे तिथं. वावरत असताना, डोळे मिटून काठावर बसल्यावर नव्हे. तिसऱ्या अध्यायातला सहावा तर थेट तुम्हालाच लागू आहे: हातपाय आवरून बसायचं आणि मनात तेच घोळवत राहायचं, अशा माणसाला मिथ्याचारी म्हटलंय. मी नाही, श्रीकृष्णानं.

आणि आतलं, टिकणारं सुख कसं असतं? अठराव्या अध्यायात ३७वा श्लोक सांगतो, आधी विषासारखं, परिणामी अमृतासारखं. आता मला सांगा, रंकाळ्यावरची पहाट विषासारखी कुठं लागते? गार वारा, येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध! ती मजाच आहे, खुशाल करा. तुमचं विष शुक्रवार पेठेत आहे.

तेव्हा येत्या रविवारी माळ्यावरचा एक डबा काढा, स्वतः घासा. रिकामा न्यायचा नसतो, एवढं तुम्हाला सांगायला नको. चांगला पिवळाधमक गूळ भरा. पोराच्या हातून पाठवायचा नाही, आधी फोन करायचा नाही. स्कूटर काढायची आणि जायचं. दारात दुकान दिसलं की पोटात ढवळेल, ढवळू दे. धाकटा ताठ्यात बोलला तर बोलू दे. वहिनी चहा टाकतील. तो झाल्याशिवाय उठायचं नाही.