हर्षद हे कुणाचं नाव नव्हे ओ!

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंनी विचारलंय, पोराला शाळेतनं "एक मोठी पूर्ण संख्या घेऊन तिचे प्रकार सांगा" असा प्रोजेक्ट दिलाय, त्यानं घरचा पिनकोडच घेतलाय, 590003, तर प्राइमला, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही त्या संख्येला, मराठीत मूळ म्हणायचं की अविभाज्य, आणि ही हर्षद संख्या काढणारा हर्षद कोण?

सम-विषम सोडा, ते त्याला येतंय. आणि पिनकोड मूळ नाहीच. दिसतो तसा खरा, 7, 17, 37 कशानंही भागा, बाकी 1 उरते, पोरगं कंटाळून "प्राइम" लिहून मोकळं होणार. पण 43 नं भागा की, 43 गुणिले 13721. संयुक्त संख्या. झालं.

आता हर्षद. कुणी हर्षद नावाचा गणिती नव्हता ओ! शिकवणीवाल्यांपासून सगळ्यांकडनं हेच ऐकतोय, एकानं तर शेअरबाजारातल्या हर्षदशी नातं लावलं, कपाळावर हात मारला मी. नाव दिलंय देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी, 6174 हा "कापरेकर स्थिरांक" ज्यांच्या नावानं आहे तेच. हर्ष अधिक द, द म्हणजे देणारा, जसा जलद म्हणजे ढग. (जलद बसमधला जलद वेगळा, तो फारसी जल्द. पावसाळ्यात खानापूरकडनं येताना दोन्ही जलद एकदम भेटतात.) अंकांची बेरीज करा, तिनं त्याच संख्येला भाग गेला की ती हर्षद.

पण खरी गंमत हर्षात आहे. आपण हर्ष म्हणजे आनंद म्हणून सोडून देतो, पण संस्कृतात हृष् म्हणजे आधी केस ताठ उभे राहणं, म्हणून तर रोमहर्षक. आणि लॅटिनमध्ये याच कुळातलं होरेरे, त्याच्यातनं आलं इंग्रजी हॉरर! म्हणजे हॉरर पिक्चर आणि आपला हर्ष सख्खे चुलतभाऊ, एकाला काटा भीतीनं येतो, एकाला आनंदानं. माझं मत विचाराल तर मास्तरांची हर्षद म्हणजे नुसती "आनंद देणारी" नव्हे, अंगावर काटा आणणारी. कोशवाले हसतील, हसू देत, त्यांनी 6174 ची बेरीज करून बघावी, 18, भागाकार 343, म्हणजे 7 चा घन. किंवा 1729 घ्या, बेरीज 19, भागाकार 91, उलटा वाचा, परत 19! आला की नाही काटा?

आणि हिला निव्हेन संख्या म्हणा सांगणाऱ्यांनी जरा दमानं. इव्हान निव्हेन मोठे गणिती, पण त्यांचं नाव चिकटलं 1977 च्या एका परिषदेतल्या व्याख्यानानंतर. घरात अर्थासकट नाव असताना उसनं कशाला ओ?

तुमचा पिनकोड मात्र हर्षद नाही ताई. बेरीज 17, आणि वर बघितलंच, 17 नं बाकी 1. एकानं हुकला! पोराला 590016 घ्यायला सांगा, बेरीज 21, भागाकार बरोबर 28096.

हां, मूळ की अविभाज्य राहिलंच. महाराष्ट्राच्या पुस्तकात मूळ, कन्नडमध्ये अविभाज्य संख्ये, हिंदीत अभाज्य. "अविभाज्य कानडी आहे, काढून टाका" म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका, अख्खा संस्कृत शब्द आहे तो, उलट मूळ म्हटलं की पोरं वर्गमुळाशी घोळ घालतात. पोराच्या शाळेच्या पुस्तकात जो असेल तोच शब्द लिहू दे, मार्क त्यालाच मिळतील.