फुलांचा सुगंध आणि माणसाचा स्वभाव

प्रश्न : माझ्या बहिणीने मला वाढदिवसाला एक परफ्यूम भेट दिला. तो स्त्री-पुरुष दोघांसाठी असल्याचे बाटलीवर लिहिले आहे आणि त्यात जाई, निशिगंध व संत्र्याचा बहर यांचा सुगंध आहे. मला तो मनापासून आवडला. परंतु कामाच्या ठिकाणी दोघा-तिघांनी तो 'बायकी' असल्याचा शेरा मारला. असा सुगंध लावणाऱ्याबद्दल लोकांच्या मनात कशी प्रतिमा उभी राहते? मी तो वापरावा का? — एक वाचक

उत्तर : जरूर वापरावा. फुले स्त्रियांची आणि लाकूड, चामडे, तंबाखू पुरुषांचे ही वाटणी नाकाने केलेली नाही; ती दुकानांतल्या फळ्यांवर झाली आणि आपल्या अंगवळणी पडली. परफ्यूम घडवणाऱ्यांनी मात्र ती कधीच पुरती मानली नाही. दिओर या फ्रेंच कंपनीने 1966 साली पुरुषांसाठी आणलेल्या 'ओ सोवाज' या परफ्यूममध्ये तो घडवणाऱ्या एदमों रुदनित्स्का यांनी हेडिओन हे द्रव्य वापरले, आणि त्याचा गंध जाईच्याच कुळातला आहे. लिंबाच्या ताजेपणाला त्यामुळे जी हवेशीर, ओलसर झाक आली, ती पुढे पुरुषांच्या असंख्य परफ्यूममध्ये उतरली. तुमच्यावर शेरा मारणाऱ्यांपैकी एखादा स्वतःच रोज हेडिओन लावून येत असण्याची शक्यता बरीच आहे.

आता प्रतिमेविषयी. पांढरी फुले म्हटली की निरागसपणा आठवतो, पण मला हे वर्णन अपुरे वाटते. यांतील बरीच फुले संध्याकाळनंतर दरवळतात, कारण त्यांच्याकडे येणारे पतंग रात्री हिंडतात. अंधारात रंगाचा फारसा उपयोग नसतो, म्हणून सारी भिस्त वासावर असते. शिवाय जाई आणि निशिगंध यांच्या सुगंधात इंडोल असते. हेच द्रव्य विष्ठेतही आढळते आणि दाट स्वरूपात त्याला डांबराच्या गोळ्यांसारखा उग्र दर्प येतो. अगदी अल्प प्रमाणात मात्र तेच फुलाला जिवंतपणा देते. निशिगंधाची काडी दोन दिवस फुलदाणीत ठेवून पाहा. वरच्या कळ्या हिरवट, थंड वासाच्या असतात, तर कडेने तपकिरी पडू लागलेल्या खालच्या फुलांचा वास लोण्यासारखा जड आणि किंचित मांसल झालेला असतो. एकाच काडीवर ही दोन्ही टोके नांदतात.

म्हणूनच या सुगंधातून मला जो माणूस दिसतो, तो भोळा नाही. तो दिवसभर मोजके बोलतो, ओळख वाढल्यावर खुलतो, त्याच्या मृदूपणाच्या आत ठाम इच्छा असतात आणि त्या लपवण्याची त्याला गरज वाटत नाही. संत्र्याच्या बहरातला कडवट, स्वच्छ भाग या गोडव्याला आवर घालतो, त्यामुळे हा माणूस लाघवी असला तरी गुळगुळीत होत नाही. अशी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे त्या वासावरून सांगता येणार नाही, आणि बहिणीने तुमच्यासाठी तो निवडला तेव्हा तिने तुमच्यातले हेच काही ओळखले असावे, असे मला वाटते.

सहकाऱ्यांच्या शेऱ्यामागे मात्रेचाही भाग असू शकतो. पांढऱ्या फुलांचे सुगंध बंद खोलीत लवकर पसरतात, आणि लावणाऱ्याचे नाक थोड्याच वेळात त्यांना सरावत असल्यामुळे आपण कमीच लावले आहे असे त्याला वाटत राहते. घरून निघण्यापूर्वी अर्धा तास छातीवर एकच फवारा मारून वर सदरा घाला. सुरुवातीचा भडकपणा तोवर ओसरतो आणि त्वचेच्या उबेने उरलेला सुगंध जवळ येणाऱ्यालाच जाणवतो. आठवडाभर असे करून पाहा आणि त्यानंतर सहकारी काय म्हणतात, ते मला अवश्य कळवा.