एक लोळतंय, एक उकरतंय

प्रश्न : मॅडम, काजूच्या बागेला लागून दहा गुंठ्यांत मी चार डुकरं पाळलीत. पांढरी यॉर्कशायर, एकाच वेतातली, आता सात महिन्यांची. चौघांना खाणं एकच, पाणी एकच. पण त्यांतल्या दोन माद्यांचा काही मेळच लागत नाही. एक दिवसभर चिंचेखाली आडवी, हाक मारली तर नुसता कान हलवते. दुसरी घटकाभर स्वस्थ बसत नाही. गेल्या आठवड्यात झटका मशीनच्या विजेच्या तारेखालनं जाऊन शेजाऱ्याचा रताळ्याचा वाफा उकरला. बाराशे रुपये मोजून द्यावे लागले. शेजारी म्हणतो, पहिलीला रोग आहे आणि दुसरी विकून टाक. पैदाशीला कोणती ठेवू?
– एक वाचक, चंदगड तालुका

उत्तर : शेजाऱ्याला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका.

तुम्ही डुकरं बघता कधी, ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज, सकाळची कामं उरकून अकरानंतर. या उन्हात त्या वेळी शहाणं डुक्कर झोपतंच. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंग गार ठेवायला सावली आणि चिखल, एवढेच उपाय त्याच्या हातात. म्हणून उन्हाळ्यात ते आपली कामं पहाटे, दिवेलागणीला आणि रात्री उरकतं. एरवीही डुक्कर चोवीस तासांतला निम्म्याहून जास्त वेळ पडूनच असतं.

आजऱ्याकडच्या आमच्या शेतावर तीन डुकरं आहेत. पहिल्या उन्हाळ्यात मलाही बाबली आजारी वाटली होती. बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढलेली बाई मी, दुपारी दोनला थर्मामीटर घेऊन तिच्या मागे बसले. पारा १०२ फॅरनहाइटवर, म्हणजे डुकराला अगदी ठीक. त्याच रात्री लाईट गेली म्हणून बॅटरी घेऊन बाहेर आले, तर बाईसाहेब नारळाच्या बुंध्याशी गुडघाभर खड्डा करून उभ्या!

तेव्हा उद्या पहाटे सहाला जा आणि खाण्याची बादली वाजवा. धावत आली तर ती आळशी आहे, आजारी नाही. आळस हा रोग असता तर आमच्या पेठेतली निम्मी माणसं ॲडमिट असती. पण बादली वाजूनही उठली नाही, खाण्याकडे तोंड फिरवलं, तर मात्र संध्याकाळची वाट बघू नका. डुकरानं जेवण टाकणं ही साधी गोष्ट नव्हे. ताप १०४ च्या वर, कानांवर किंवा पोटाखाली जांभळट-लाल डाग, मागचे पाय लटपटणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरला बोलवा, आणि ते जनावर घाईघाईनं विकून दुसऱ्याच्या गोठ्यात रोग पाठवू नका. साध्या स्वाइन फीवरची लस मिळते, ती टोचून घेतली नसेल तर याच महिन्यात टोचा. २०२० साली आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा दिसलेला आफ्रिकन स्वाइन फीवर वेगळा. त्याला ही लस चालत नाही. त्याच्यापासून वाचायचं तर हॉटेलचं खरकटं आणि रानडुकरांचा शेजार, दोन्ही टाळायचे. तुमच्या भागात दुसरं अवघड आहे, मला ठाऊक आहे. मादी माजावर आली की रानातला नर कुंपणाशी येऊन उभा राहतो.

आता स्वभावाचं. एका आईची पिल्लं सारखी असतील हे माणसात खरं नाही, तर डुकरात कुठून असेल? पहिल्या दोन-चार दिवसांतच प्रत्येक पिल्लू आपलं सड ठरवून घेतं. रेटून पुढचं सड धरणारी असतात, मिळेल त्यावर भागवणारीही असतात. हॉलंडच्या संशोधकांनी एक सोपी परीक्षा काढली : पिल्लाला मिनिटभर उताणं धरायचं आणि ते किती वेळा सुटायची धडपड करतं ते मोजायचं. खूप धडपडणारी पुढे भांडणात पुढं असतात आणि ठरलेल्या वाटेनंच जातात, शांत राहणारी आजूबाजूला काय बदललं ते जास्त हेरतात, असं त्यांना दिसलं. मी ही परीक्षा माझ्या पिल्लांवर केली. ठकीनं नऊ वेळा लाथा झाडल्या, बाबलीनं दोनदा, आणि तिसऱ्यानं माझ्या साडीवर घाण केली. त्याचा आकडा मी लिहिला नाही.

तुमच्या उचापतखोर मादीत खोट काढण्यासारखं काही नाही, खोट तारेत आहे. झटका मशीन तुम्ही गव्यासाठी लावलं असणार, म्हणजे खालची तार मांडीएवढ्या उंचीवर. डुक्कर उडी मारत नाही, ते नाक खुपसून खालून जातं. एक तार जमिनीपासून वीतभर आणि दुसरी दीड फुटावर हवी. आणि तारेची ओळख आधी लहान आवारात करून द्यायची, तारेमागे दणकट फळ्या किंवा जाळी ठेवून. नवखं डुक्कर झटका बसला की मागे न येता पुढेच मुसंडी मारतं. मागे जायचं असतं हे त्याला फळ्या शिकवतात.

शिवाय तिला काम द्या. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या लोकांनी पाळीव डुकरं झाडाझुडपांच्या मोठ्या कुंपणात सोडून बघितली. खायला रोज घालत होते, तरी दिवसाउजेडीचा निम्मा वेळ ती चरण्या-उकरण्यातच घालवत होती. म्हणजे पोट भरलं तरी नाकाची भूक राहतेच. रताळी काढून झालेलं तुमचंच रान कुंपण घालून तिला द्या. सगळा सरवा वेचेल, वर जमीन उलथून देईल, नांगराची एक पाळी वाचेल. रान मोकळं नसेल तर पाचटाचा ढीग टाका आणि त्यात मूठभर मका लपवा. काही जण नाकात कडी घालायला सांगतील. मला ते पटत नाही. नाक म्हणजे त्याचा हात आहे. रिकामं राहिलं की मग ते दुसऱ्याची शेपटी चावतं, आणि त्या जखमा निस्तरायला मलाच बोलावतात.

पैदाशीला? बादलीच्या परीक्षेत पास झाली तर आळशी ठेवा. व्यायल्यावर सगळ्यात जास्त पिल्लं दगावतात ती आईच्या अंगाखाली चेंगरून, आणि जी आई सावकाश, पिल्लांचा अंदाज घेत बसते तिची पिल्लं जास्त वाचतात. पण नुसत्या शांतपणावर जाऊ नका. सडं मोजा, दोन्ही बाजूंची मिळून १२ तरी हवीत, १४ असली तर छान. पाय सरळ हवेत. नराला दाखवायची घाई नको, पहिला माज सोडून द्या, आठ महिन्यांच्या पुढं आणि शंभर किलोच्या वर गेल्यावर बघा. पुढं गाभणपणाचा हिशेब सोपा : तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, म्हणजे ११४ दिवस.

प्रश्न : वडगावच्या बाजारातून एक मोठी मादी आणली. आधीच्या दोघींनी तिला रक्तबंबाळ केलं. वेगळी करावी का?
– एक वाचक, हातकणंगले तालुका

उत्तर : आणल्या आणल्या वेगळीच ठेवायला हवी होती, निदान महिनाभर. भांडणासाठी नव्हे, रोगासाठी. महिना झाल्यावर संध्याकाळी सोडा, सगळी पेंगुळलेली असताना, आणि त्या दिवशी खाणं गव्हाणीत न घालता लांब-लांब पसरून टाका. जागा ऐसपैस असावी. हरलेलीला पळायला जागा मिळाली की भांडण लवकर मिटतं. एक-दोन दिवसांत कोण थोरली, कोण धाकटी ते ठरतं. मधे पडून कुणाची बाजू घेऊ नका, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. मात्र जखम खोल असेल तर धुऊन औषध लावा, माशा बसू देऊ नका.

प्रश्न : डुक्कर माणूस ओळखतं का? मुलगी रोज विचारते.
– एक आई, कोल्हापूर शहर

उत्तर : ओळखतं. वास, आवाज, चेहरा, उंची, सगळ्याची नोंद ठेवतं. कपड्यांचीही. गेल्या पावसाळ्यात मी निळा रेनकोट घालून ठकीला लस टोचली. दुसऱ्या दिवशी साडीत गेले तर पायाशी लोळली, रेनकोटात गेले तर कुंपणाच्या पार टोकाला. आता तो रेनकोट आमचे हे घालतात. त्यांनी तिला कधी सुई दाखवलेली नाही, तरी त्यांच्या हातचा केळीचा घडसुद्धा ती घेत नाही, आणि याचा दोष रोज मला मिळतो.