1849 चा कायदा नव्हे, वीस आठवड्यांचे कलम पाहा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी शहराच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयात गंभीर दोष दिसल्यावर गर्भजल तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबून, मग घरच्यांशी बोलून निर्णय घेतला तर चालेल का. विस्कॉन्सिनचा 1849 चा गर्भपातबंदी कायदा आता उरला नाही ना? अशी पत्रे बरीच येतात आणि बहुतेकांची भीती त्याच जुन्या कायद्याभोवती फिरते.

2022 मध्ये अमेरिकेत देशभर गर्भपाताचा हक्क देणारा 'रो' निकाल रद्द झाल्यावर त्या कायद्यामुळे विस्कॉन्सिनमधील गर्भपात वर्षभराहून अधिक काळ थांबले होते, हे खरे आहे. मात्र 2 जुलै 2025 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी ठरवले की, नंतरच्या कायद्यांमुळे तो गर्भपातापुरता निष्प्रभ झाला आहे. तुमचा प्रश्न त्याच नंतरच्या कायद्यांत अडकलेला आहे.

त्यांपैकी कलम 253.107 नुसार फलनापासून (गर्भधारणेच्या क्षणापासून) वीस आठवडे पूर्ण झाल्यावर वैद्यकीय आणीबाणीखेरीज गर्भपात करता येत नाही, आणि गर्भातील दोष हा त्याला अपवाद नाही. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीपासून, म्हणजे सुमारे दोन आठवडे आधीपासून मोजतात, म्हणून व्यवहारात ही मर्यादा 21 आठवडे 6 दिवसांपर्यंत येते. तुमच्या सोनोग्राफीच्या कागदावर 19 आठवडे 4 दिवस लिहिले आहेत आणि पत्र त्यानंतर पाच दिवसांनी लिहिलेले आहे. म्हणजे पत्र लिहिताना तुमच्या हातात अकरा दिवस होते, आणि गर्भजलाचा पूर्ण अहवाल यायला दोन आठवडेही लागू शकतात. अठराव्या आठवड्यात ठरलेली सोनोग्राफी पाहुणे आले म्हणून पुढे ढकलायला नको होती, हे मला स्पष्टच सांगावे लागते.

म्हणून अहवालाची वाट पाहत बसू नका. गर्भपातापूर्वी किमान 24 तास आधी डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून माहिती घेणे आणि सोनोग्राफी करून घेणे बंधनकारक आहे. ती पहिली भेट आजच ठरवा. त्या भेटीने तुम्ही कशालाही बांधल्या जात नाही, संमती केव्हाही मागे घेता येते. गर्भजलाचा प्राथमिक अहवाल काही दिवसांत मिळू शकतो का, हेही डॉक्टरांना विचारा. घरच्यांशी बोलायचे असेल तर याच दिवसांत बोला.

मुदत हुकलीच, तर शेजारच्या इलिनॉयमध्ये गर्भ बाहेर जगू शकण्याच्या टप्प्यापर्यंत गर्भपात कायदेशीर आहे आणि तिथे 24 तासांची अटही नाही. पण कोणते रुग्णालय कितव्या आठवड्यापर्यंत घेते, हे आधी फोन करून विचारा. भारतात येऊन पुन्हा सगळ्या तपासण्या करण्यात जाणारा वेळ पाहता तो मार्ग मी सुचवणार नाही.

पुढे राजकारण फिरले तर काय, याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. न्यायालयाने गर्भपाताच्या घटनात्मक हक्कावर निर्णय दिलेला नाही, त्यामुळे विधिमंडळाने नवा कडक कायदा केला आणि गव्हर्नरने त्यावर सही केली, तर वाद पुन्हा उभा राहील. मात्र तसे झाले तरी ते तुमच्या या दिवसांत होण्यासारखे नाही.