कॉफीच्या रांगेत कमरेला पिस्तूल: डॅलसला येण्याआधी माहीत असावं असं

तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टेक्सासात, डॅलसजवळ फ्रिस्कोला येताय, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. स्टारबक्समध्ये खांद्याला रायफल अडकवून कॉफी पिणाऱ्यांचे जुने फोटो तुम्ही पाहिलेत आणि विचारलंय की बाकीच्या गिऱ्हाइकांना हे चालतं कसं, आणि अशा वेळी आपण काय करायचं.

आधी त्या फोटोंबद्दल. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात काही जण रिकामं पिस्तूल उघडपणे कमरेला लावून कॉफीच्या दुकानांत जमू लागले. पीट्स या कॉफीच्या साखळीने मनाई केली. स्टारबक्स म्हणालं, त्या त्या राज्याचा कायदा जे सांगतो ते आम्ही पाळू. झालं, दोन्ही बाजूंनी स्टारबक्सला आपलं रणांगण केलं. बंदूकविरोधी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. समर्थक मुद्दाम कॉफी घ्यायला आले आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीची खूण म्हणून दोन डॉलरच्या नोटांनी पैसे देऊ लागले. ९ ऑगस्ट २०१३ ला त्यांनी ‘स्टारबक्सचे आभार’ मानण्याचा दिवस ठरवला. कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउनमध्ये एका बंदूकधाऱ्याच्या गोळीबारात शाळेतली २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली त्याला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते, आणि त्याच गावातल्या स्टारबक्समध्येही जमायचं ठरलं होतं. ते दुकान त्या दिवशी लवकर बंद केलं गेलं. १७ सप्टेंबर २०१३ ला स्टारबक्सचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहून गिऱ्हाइकांना बंदुका आणू नका अशी विनंती केली. बंदी घातली नाही, कारण बंदी अमलात आणायची तर काउंटरवरच्या मुलांना शस्त्रधारी माणसाशी हुज्जत घालावी लागली असती. मला हे कारण पटतं.

गिऱ्हाइकांत सरळ दोन तट आहेत असं समजू नका. काहींच्या मते कायद्याने दिलेला हक्क दुकानाच्या दारात संपत नाही. काही म्हणतात, हा माणूस सज्जन की माथेफिरू हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, मग मुलांना घेऊन तिथे बसायचं कशाला? आणि एक तिसरा गट बाहेरच्यांना दिसतच नाही: स्वतः बंदूक बाळगणारे, पण रायफल मिरवणाऱ्यांवर चिडणारे. पिस्तूल शर्टाखाली ठेवावं, लोकांना घाबरवू नये, नाहीतर दुकानं सगळ्यांनाच दार बंद करतील, असं त्यांचं म्हणणं. तसंच झालंही. मे २०१४ मध्ये डॅलस भागात काही जण रायफली घेऊन चिपोटले या मेक्सिकन खाण्याच्या साखळीच्या दुकानात गेले आणि कंपनीने बंदुका आणू नका असं जाहीर केलं. रायफलीच का, तर तेव्हा टेक्सासात पिस्तूल उघडपणे लावायला मनाई होती, रायफलीला नव्हती.

आता तुमच्या राज्याचा कायदा. १ जानेवारी २०१६ पासून टेक्सासात परवानाधारक पिस्तूल उघडपणे लावू शकतात, मात्र ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानात, असलं पाहिजे. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला परवानाही लागत नाही. सगळी अमेरिका अशी नाही. इलिनॉयमध्ये पिस्तूल झाकूनच न्यावं लागतं.

पण दुकान खाजगी जागा आहे, मालक मनाई करू शकतो. त्यासाठी दारावरच्या पाट्या वाचायला शिका; त्यांवरचे आकडे म्हणजे टेक्सासच्या दंडसंहितेतली कलमं. ३०.०७ म्हणजे परवानाधारकानेही उघडं पिस्तूल आणायचं नाही. ३०.०६ म्हणजे झाकलेलंही नाही. ३०.०५ ही विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी. ३०.०६ आणि ३०.०७ वर कायद्यातला ठरलेला मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लागतो. नुसतं बंदुकीवर काट मारलेलं स्टिकर परवानाधारकाला बांधत नाही. लाल अक्षरांत ५१ टक्के अशी पाटी दिसली तर ते मुख्यतः दारूवर चालणारं ठिकाण, तिथे बंदूक निषिद्ध. फक्त ३०.०७ लावलेल्या दुकानात शेजारच्या टेबलावर झाकलेलं पिस्तूल असू शकतं, हे लक्षात ठेवा. किराणा दुकानांची साखळी एचईबी आणि बर्गरवालं व्हॉटाबर्गर, दोघांनी २०१५ मध्येच उघड्या पिस्तुलाला नकार जाहीर केला. टेक्सासात जन्मलेल्या कंपन्या आहेत या.

समोर कोणी दिसलंच तर आधी हात बघा. पिस्तूल होल्स्टरमध्ये, माणूस रांगेत, मोबाइल बघतोय: यात गुन्हा नाही. तुम्हाला अस्वस्थ वाटलं तर कॉफी घेऊन बाहेर पडा, नाहीतर मॅनेजरला हळू आवाजात सांगा. त्या माणसाशी स्वतः बोलू नका, मोबाइल रोखून व्हिडिओ काढू नका. मॅनेजरने तोंडी बाहेर जायला सांगूनही तो थांबला तर गुन्हा जास्त गंभीर ठरतो, म्हणून ते काम मॅनेजरचंच. शस्त्र हातात असेल, कोणावर रोखलं असेल, आरडाओरडा असेल तर मुलीला घेऊन बाहेर पडा आणि मग ९११ हा पोलीस-मदतीचा नंबर लावा. आधी पत्ता, मग माणसाचे कपडे, मग तो नेमकं काय करतोय. फक्त ‘गन आहे’ एवढं सांगितलंत तर पोलिसांना काहीच अंदाज येत नाही.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी ज्याची वाटते ते. टेक्सासचा कायदा कितीही सैल असो, केंद्राच्या कायद्याने एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. वैध शिकारी परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. ऑफिसचे मित्र शनिवारी शूटिंग रेंजवर बोलावतील. तिथे भाड्याची बंदूक हातात घेणं हेही ‘बाळगणं’ ठरू शकतं. रूममेटचं पिस्तूल तुमच्याही हाताशी येणाऱ्या कपाटात असेल तरी तेच. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय देशाबाहेर पाठवणी होऊ शकते. ग्रीन कार्ड मिळालं की ही बंदी उठते.

मुलगी कोणाकडे खेळायला जाणार असेल तर आधी विचारा: घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का, रिकामी आहे का, गोळ्या वेगळ्या कुलपात आहेत का. आपल्याकडे असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल, पण इथले बालरोगतज्ज्ञच पालकांना हे विचारायला सांगतात. शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल सांगतानाच विचारून टाका.