बोगनवेल हे नाव मूळचे कुठले?

हे नाव लुई आंत्वान द बुगेनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे आहे. त्याच्या जगप्रदक्षिणेत सहभागी झालेल्या फिलिबेर कोमेर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे काटेरी झुडूप १७६७ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे आढळले आणि त्याने त्याला आपल्या प्रमुखाचे नाव दिले. मराठीत अखेरच्या 'व्हिल'चा 'वेल' झाला, आणि कुंपणावर चढणाऱ्या या झुडपाला तो इतका चपखल बसला, की नाव परके असल्याची शंकाही येत नाही. बंगालीतील 'बागानबिलास' हे रूप मला सर्वांत देखणे वाटते. तमिळमध्ये मात्र 'कागिदप्पू', म्हणजे कागदी फूल, असे म्हणतात. कारण ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती कागदासारखी पातळ, रंगीत पाने असून खरी फुले म्हणजे त्यांच्या आतील लहान, पांढरट तोंडाच्या नळ्या होत.