‘सध्या’ सिस्टर

*ताई, मी सांगलीची, वय 27. जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून चार वर्षं एका खासगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डला आहे. लग्नाला पाच महिने झाले. नवरा जर्मनीत श्टुटगार्टला इंजिनिअर आहे, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या तिथल्या राहण्या-कामाच्या परवान्यावर. तो म्हणतो, लगेच ये, जर्मन इथंच शिक आणि मग तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स कर. सासूबाई म्हणतात, शिक्षणाची घाई कशाला, आधी संसार बघ. मला जायचंय. पण पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं आणि दर गोष्टीला नवऱ्यापुढं हात पसरायचा, याची भीती वाटते. काय करू?*
*– सध्या सिस्टर*

सिस्टर,

सहीतलं ते ‘सध्या’ आधी खोडून टाक. तुझ्या पत्रातली निम्मी भीती त्या एका शब्दात आहे.

नवऱ्याचा सल्ला प्रेमाचाच आहे, पण त्यानं एक गोष्ट तपासलेली दिसत नाही. तो म्हणतो तो तीन वर्षांचा कोर्स, म्हणजे ‘आउसबिल्डुंग’, हे मुळात नव्यानं नर्स होणाऱ्यांसाठी आहे. तू नर्स आहेस. तुझा रस्ता ‘आनएरकेनुंग’चा, म्हणजे इथलं नर्सिंगचं शिक्षण तिथं मान्य करून घेण्याचा. प्रत्येक राज्याचं त्यासाठीचं सरकारी कार्यालय वेगळं असतं. ते तुझे विषय आणि तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. बहुतेक वेळा काहीतरी कमी भरतंच. मग तेवढ्यापुरतं हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षण घ्यायचं किंवा परीक्षा द्यायची. हे सगळं चालू असताना सहायक म्हणून पगारी कामही करता येतं. आणि हे नाहीच जमलं तर तीन वर्षांचा कोर्स आहेच. त्यातही दरमहा विद्यावेतन मिळतं. पण आधी तिकडं धावू नकोस.

यासाठी लागणारे कागद सांगलीत असेपर्यंत गोळा कर. तासांसकट गुणपत्रकं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मेट्रनकडून अनुभवपत्र. अनुभवपत्रात कुठला वॉर्ड, किती काळ, काय काम, हे स्पष्ट लिहून घे. कॉलेजच्या ऑफिसात तू स्वतः जाऊन बसलीस तर जो कागद आठवड्यात हातात पडेल, तोच श्टुटगार्टहून भावाला फोन करकरून मागवताना जीव मेटाकुटीला येतो. आणि नवऱ्याबरोबर राहायला जाणाऱ्या बायकोला लाखभर रुपये घेणाऱ्या एजंटची काहीही गरज नाही.

आता भाषा. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. या सवलतीनंच अनेकींचा घात होतो. शून्य जर्मन घेऊन गेलेली मुलगी दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे सगळीकडे नवऱ्याच्या तोंडानं बोलते आणि वर्ष कधी सरलं तिला कळत नाही. भाषेच्या पायऱ्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत जातात; नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी2 पातळी लागते. निदान ए2 इथं पूर्ण करून जा, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा ड्युटी सांभाळून ऑनलाइन. नव्या लग्नात चार-पाच महिन्यांचा विरह कठीण आहे, मला कळतं. तरी थांब, असंच मी म्हणेन. बी1चा वर्ग तिथं पोचल्या पोचल्या लाव. तिथल्या वॉर्डात ऐंशीच्या घरातल्या आजीबाई पुस्तकातलं जर्मन नाही, श्वेबिश ही तिथली बोली बोलतात, तेव्हा कान तयार व्हायलाही वेळ लागेल.

एका गोष्टीसाठी मात्र मनाची तयारी इथूनच करून जा, कारण ती आधी कुणी सांगत नाही. आपल्याकडे सिस्टर म्हणजे इंजेक्शन, सलाइन, चार्ट. अंघोळ, बेडपॅन, भरवणं हे मावशी, वॉर्डबॉय नाहीतर नातेवाईक बघतात. जर्मनीत पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं हा नर्सिंगचा गाभाच मानतात, आणि शिरेतलं इंजेक्शन पुष्कळ ठिकाणी डॉक्टर देतात. इथून गेलेल्या कितीतरी नर्सना पहिल्या महिन्यात वाटतं, आपल्याला खाली ढकललं. तसं नाही. अंग पुसता पुसता पाठीवरची लाली दिसते आणि बेडसोअर टळतो, हे तुला मी काय सांगू! आणि गंमत बघ, तिथले म्हातारे पेशंट अजूनही नर्सला ‘श्वेस्टर’ म्हणतात. त्याचा अर्थ सिस्टरच.

हात पसरायचं म्हणशील, तर जोडीदाराच्या परवान्यावर तुला नोकरी करायची मुभा पहिल्यापासून असते. स्वतःचं बँक खातं पहिल्याच महिन्यात उघड, पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. सुरुवातीला तुझा परवाना लग्नावर टेकलेला असतो. तिथं तीन वर्षं एकत्र संसार झाला की साधारणपणे राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो, आणि घरात मारहाण होत असेल तर कायदा त्या तीन वर्षांचा हट्ट धरत नाही. तुझ्या नवऱ्यावर मला संशय नाही. माझ्या मुलीलाही मी हेच सांगितलं असतं.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. संसार बघायला तिथं दोघं असणार आहेत, एवढंच म्हण.

नवऱ्याशी मात्र या रविवारी नीट बोल. सकाळची पाळी सहाच्या सुमाराला सुरू होते, नाइट असतात, शनिवार-रविवारही असतात. त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार? पगार सुरू होईपर्यंत तुझ्या खात्यावर दरमहा किती रक्कम येणार? आकडा ठरवून घ्या, म्हणजे मागावं लागणार नाही. जर्मनच्या वर्गाची फी कोण भरणार? त्याची उत्तरं मला कळव. आणि सोमवारी ड्युटी सुटली की कॉलेजच्या ऑफिसात जाऊन ये.

– ताई